धाकटीचं फोल्डर

अण्णांचा उजवा डोळा माझ्या बहिणींची लग्नं ठरायच्या आधीच गेला होता. डावा राहिला होता, तोही अर्धामुर्धा. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. लेसर मारून झालं, डोळ्यांत इंजेक्शनं देऊन झाली आणि शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, आहे ती नजर किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्यायला सांगा. डॉक्टर माणूस चांगला होता, पण असलं बोलणं ज्याचे डोळे आहेत त्याला सोडून दुसऱ्यालाच का सांगतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी तरी कुठे आत जाऊन ते अण्णांना सांगितलं? "औषध चालू ठेवा म्हणाले," एवढंच म्हणालो आणि त्यांचा हात धरून जिना उतरवला.

अण्णा नेकनूरच्या शाळेत मास्तर होते. पालीहून रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. बाहेर शुद्ध बोलायचे, घराचा उंबरा ओलांडला की आमच्यासारखं. आम्ही तिघं भावंडं, मी मोठा आणि पाठच्या दोघी बहिणी. थोरली डावखुरी. आईनं, आत्यांनी, शेजारणींनी तिच्या डाव्या हातावर फटके मारून पाहिले. अण्णांनी मात्र तिला कधी हात बदलू दिला नाही. "हात तिचा हाय, तुमाला काय करायचंय?" म्हणायचे. धाकटी म्हणजे अण्णांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. तिच्याबद्दल आणखी काही सांगायला नको.

दोघींना एकाच घरात द्यायचं ठरलं. परळीकडच्या गावातले सख्खे भाऊ, थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी. एकच मांडव, एकच मुहूर्त. आमच्याकडे यात नवल काही नाही, बहिणी बहिणी जावा होतात, एकमेकींना सोबत राहते. पण घाई केली ती अण्णांनीच. धाकटीचं अजून शिक्षण व्हायचं होतं, आई म्हणाली वर्षभर थांबू. अण्णा म्हणाले, "वर्षानं मला काय दिसंल? दोघी नवऱ्या झालेल्या मला बघायच्यात." डॉक्टरांनी मला बाहेर काय सांगितलं होतं, ते त्यांना आतल्या बाकावर बसूनच कळलं होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही एवढंच.

दोघींना शालूही एकाच रंगाचे, एकाच काठाचे घेतले. एकीला भारी आणि एकीला हलका घेतला असं कुणी म्हणू नये, हा आईचा हट्ट. त्या सारख्या शालूंचा पुढे मी काय उपयोग केला, हे आईला तेव्हा कळलं असतं तर तिनं दोघींना गोणपाट नेसवलं असतं.

अण्णांना लांबचं दिसत नव्हतं. हातभर अंतरावरचं मात्र नीट दिसायचं, भिंगाशिवाय माणसाचं तोंड वाचता यायचं. हळदीच्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "फोटोवाल्याला सांग, तोंडं मोठाली काढ म्हणावं. मांडवात मला काय दिसायचं न्हाई. मागनं टीव्हीवर लाव, मी नाकाला नाक लावून बघतो." आणि झालंही तसंच. कन्यादानाला दोघी त्यांच्या पुढ्यात बसल्या होत्या, पण खाली माना, कपाळावर मुंडावळ्या आणि शूटिंगवाल्याचा तो पांढराफेक लाइट नेमका अण्णांच्या डोळ्यांवर. संध्याकाळी पाठवणी झाल्यावर ते बाजेवर बसून म्हणाले, "दोघींचे हात दिले. तोंडं काय दिसली न्हाईत, नुस्ता चुना दिसत व्हता. फोटो कवा येत्याल?"

आता फोटोवाल्याचं सांगतो. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, अण्णांचा विद्यार्थी, बीडला त्याचा स्टुडिओ. पुण्याची नोकरी घरून करायची मुभा मिळाल्यापासून मी पालीतच राहतो आणि काम संपलं की त्याच्या दुकानात चहाला जातो. त्याची एकच रड असायची, कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो डिस्कवर उतरवताना ऑपरेटर घोळ घालतात, कुणाच्या हळदीत कुणाची पाठवणी. "येवढा इंजिनियर झालास बे, कशापायी शिकलास मग? एक प्रोग्राम लिहून दे की." दिला लिहून. कार्ड लावायचं, गाव लिहायचं, दोन्हीकडची आडनावं लिहायची, तारीख लिहायची. प्रोग्राम दुकानातल्या सगळ्या लॅपटॉपना जोडलेल्या मोठ्या डिस्कवर त्या नावाचं फोल्डर करणार, कार्डावरचं सगळं त्यात उतरवणार, कार्ड पुसून मोकळं करणार आणि "सगळं झालं" असं सांगणार. नवरा-नवरीची नावं मी मुद्दाम घेतली नाहीत. दुकानात ती कुणाच्या लक्षातच नसायची. "पालीचं लग्न", "नेकनूरचं लग्न" असंच सगळे बोलायचे. एका गावात एकाच तिथीला त्याच दोन आडनावांची दोन लग्नं कुठून यायची, असं मीच ऐटीत म्हणालो होतो. ती माझ्याच घरातून आली.

फोल्डर करणं ही पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका ओळीची गोष्ट आहे. पण ती ओळ फसू शकते आणि दर वेळी वेगळ्या कारणानं फसते. डिस्क भरलेली असते, तिथं लिहायची परवानगी नसते, ज्याच्या आत करायचं ते वरचं फोल्डरच नसतं, किंवा त्या नावाचं काहीतरी आधीच तिथं असतं. भाषा बिचारी दर वेळी कारण सांगते. ऐकायचं की नाही ते आपल्यावर. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही. फोटो उतरत असताना लाइट जायची, परत आल्यावर ऑपरेटर प्रोग्राम पुन्हा सुरू करायचे, आणि प्रोग्राम म्हणायचा, असं फोल्डर आधीच आहे, आणि तिथंच अडून बसायचा. मग मला फोन. मी पुण्याच्या मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेला, आणि इकडं हा, "अडलं बे तुझं यंत्र!" एकदा डोकं फिरलं आणि मी त्या ओळीखाली लिहून टाकलं, फोल्डर झालं नाही तर नाही, कारण काही असो, गप्प बस आणि पुढे चल. त्या दिवसापासून प्रोग्राम कधी अडला नाही. तो खूश, मी खूश.

लग्नानंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "येऊन जा जरा." काय झालं विचारलं तर, "ये तू." मी गेलो. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला स्क्रीनपुढे बसवलं. फोल्डर एकच होतं. त्यात थोरलीच थोरली. हळद लावताना थोरली, अंतरपाटामागं थोरली, सप्तपदीला थोरली. मी खाली खाली जात राहिलो. धाकटी कुठेच नव्हती.

दोन नवऱ्या म्हणून त्यानं दोन फोटोग्राफर लावले होते, दोघांकडे एकाच जातीचे कॅमेरे. लग्नाच्या संध्याकाळी दोन ऑपरेटरांनी दोन लॅपटॉपवर दोन कार्डं एकाच वेळी लावली. दोघांनीही तेच लिहिलं. तेच गाव, तीच आडनावं, तीच तारीख. एका लॅपटॉपनं फोल्डर केलं. दुसऱ्याला भाषेनं सांगितलं की हे आधीच आहे, आणि मी शिकवल्याप्रमाणे तो गप्प बसला, पुढे गेला आणि आपले फोटो त्याच फोल्डरमध्ये ओतत राहिला. दोन्ही कार्डांवरच्या फोटोंचे नंबर एकपासून सुरू झालेले. त्याच नंबरचा फोटो आला की तो आधीच्यावर बसत गेला. धाकटीचे फोटो आधी उतरले, थोरलीचे सावकाश मागून आले. धाकटीचे मुळात कमी होते, कारण लग्नात सगळे मोठ्या जोडीमागेच पळतात. थोरलीच्या ढिगाखाली ती पुरती झाकली गेली, एकही फोटो वर राहिला नाही. दोन्ही लॅपटॉपवर "सगळं झालं" असं आलं, आणि दोन्ही कार्डं पुसली गेली.

"कार्डं कुठायत?" मी विचारलं.

"दाट तिथ्या हायत बे. दुसऱ्याच दिवशी दोन लग्नाला गेलती." त्यानं टेबलावर डोकं टेकलं. "माझ्या दुकानाचं काय व्हायचं ते होऊ दे. पण अण्णाला काय सांगू? तूच सांग बाबा, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"कुणालाच काही सांगायचं नाही," मी म्हणालो. "मी काढतो परत." आवाज अगदी ऑफिसातल्यासारखा निघाला. अशा आवाजाची मला पुढे शिसारी आली.

दुसऱ्याच दिवशी मांडवपरतणी. दोघी जावयांसकट घरी आल्या. अंगणातला मांडव अजून उतरवला नव्हता. धाकटी मुद्दाम शालू नेसून आली होती, हातांवरची हळद कोपरापर्यंत तशीच होती. अण्णा पडवीत बसले होते. तिनं त्यांना चहा आणून दिला, कप हातात नीट धरवला आणि तिथंच खाली बसून म्हणाली, "अण्णा, बघा की माझ्याकडं, शालू नेसून आलेय."

अण्णांनी मान वर केली. मांडवाच्या फटीतून ऊन येत होतं, त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "ऱ्हाऊ दे आता, ऊन टोचतंय गं डोळ्याला. तुझा दादा फोटो आणतोय, मग तुला निवांत बघतो. घाई काय हाय?"

ती हसली आणि आत गेली. मी दारातच उभा होतो. अण्णांनी माझ्या दिशेनं विचारलं, "कवा येत्याल रं फोटो?"

"येतील अण्णा," मी म्हणालो. "अल्बमचं काम चालू आहे."

मग सुरू झाली माझी वणवण. आधी ती दोन कार्डं. पुसलेलं परत काढायचे प्रोग्राम असतात, ते एकामागून एक चालवले. जे निघालं ते बघून वाटलं, नसतं निघालं तर बरं. एका फोटोत वरच्या अंगाला आमच्या मांडवाची झालर आणि खाली कुठल्यातरी परक्या लग्नातली पंगत. एकात धाकटीचं कपाळ. नुसतं कपाळ, मुंडावळ्या आणि एका भुवईची सुरुवात. त्याखाली हिरव्या पट्ट्या. त्या कपाळापुढे मी कितीतरी वेळ बसून होतो. माझ्या प्रोग्रामनं माझ्या बहिणीचं तोंड खाल्लं, असं मी मोठ्यानं म्हणालो, आणि बाहेरून आईनं विचारलं, कुणाशी बोलतोस रे. ऑफिसचा फोन आहे म्हणालो.

मग डिस्क पिशवीत घालून संभाजीनगरला. तिथला माणूस बिघडलेल्या डिस्कांतनं माहिती काढून देतो. त्यानं ऐकून घेतलं आणि डिस्क उघडलीसुद्धा नाही. "खोडलेलं मी काढून देतो," म्हणाला. "ह्याच्यावर दुसरं लिहिलंय. खाली काय शिल्लक नाय." मी म्हणालो, तरी बघा. तो म्हणाला, साहेब, तुम्ही ह्यातलेच दिसता, तुम्हाला कळतंय. कळत होतं म्हणूनच तर जीव जात होता. अडाण्यासारखी आशा धरायचीही सोय नव्हती.

मग गावात फिरलो. हल्ली लग्नात प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, काहीतरी निघेलच. निघालेही. ढिगानं निघाले. पण प्रत्येकानं स्वतःचाच फोटो काढलेला. पुढे मावशीचं भलंमोठं नाक आणि मागे कुठेतरी शालूचा ठिपका, ती धाकटी की थोरली ते मलाच ओळखू येईना. एका चुलतभावानं तर नुसत्या जिलेबीचे फोटो काढले होते, आणि जिलेबी अशी काही लख्ख आली होती की तो मोबाईल त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. शूटिंग बघितलं. मांडवात शूटिंगचा कॅमेरा एकच, तो थोरलीच्या बाजूला. धाकटी जिथं तिथं पाठमोरी.

शेवटी दोस्ताला म्हणालो, धाकटीला बोलावून घेऊ, पुन्हा नटवू, तुझ्या स्टुडिओत काढू.  "लग्न झालेल्या पोरीला परत मुंडावळ्या बांधतो? अपशकुन म्हणून तिची सासू तिला नांदवायची न्हाई बे. भानावर ये." त्याचं खरं होतं. मी भानावर नव्हतोच.

त्यातल्याच एका दुपारी मी प्रोग्राम दुरुस्त केला. फार काही लागलं नाही, ह्याचंच वाईट वाटतं. आधी बघून घ्यायचं की फोल्डर आहे का आणि मग करायचं, हेही चालत नाही, कारण बघणं आणि करणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा लॅपटॉप ते करून मोकळा होतो. सरळ करायला जायचं आणि भाषा काय म्हणते ते ऐकायचं. झालं तर ते आपलं. "आधीच आहे" म्हणाली तर ते ह्याच कार्डाचं अर्धवट राहिलेलं काम आहे की दुसऱ्या कुणाचं, हे तपासायचं. दुसऱ्याचं असेल तर त्यात बोटही घालायचं नाही. बाकी कुठलंही कारण असलं तर जागच्या जागी थांबायचं, काय फसलं ते माणसाला कळेल अशा शब्दांत मोठ्यानं सांगायचं, आणि माणूस येईपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. म्हणजे फसलं तर लगेच सांग, कारण लगेच सांगितलं तर अजून काहीतरी करता येतं. हे सगळं मी व्यवस्थित लिहून काढलं, तपासलं, दोस्ताकडे नेऊन बसवलं. बाहेर आलो तर अण्णांचा फोन. "आले का फोटो?"

"आठवडाभरात, अण्णा."

आज हे लिहिताना माझी मलाच चीड येते. त्या दुपारी तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटायचं, अजून काहीतरी मार्ग निघेल, तोवर म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला. आणि त्याच्याही खाली खरं म्हणजे भीती होती. लहानपणी बेरीज चुकली तर मी पाटी पालथी घालून बसायचो, तशी.

इकडे अण्णांची नजर चालली होती. आधी त्यांनी पेपर बाजूला सारला. मग भिंग डब्यात गेलं. मग ते आम्हाला पावलांवरून ओळखायला लागले. जेवताना भाजी ताटात कुठल्या बाजूला आहे ते आई हळूच सांगायची, आणि ती सांगते हे आम्हाला कळू नये म्हणून काहीतरी दुसरंच बोलत सांगायची. रोज फोटोंची चौकशी व्हायची, ती चार दिवसांआड झाली. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "काय गडबड हाय का? फोटोवाला काय बोलला का तुला?" किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. मी म्हणालो, "छे, गडबड कसली? सीझन आहे, गर्दी आहे." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं. त्या गप्प बसण्यानं माझं खाणंपिणं सुटलं.

आखाडात नवी नवरी सासरी ठेवत नाहीत. दोघी यायच्या होत्या. अण्णा म्हणाले, "पोरी आल्या की समदे मिळून बघू फोटो. आता लांबवू नको. मला अजून काय तरी दिसतंय तवर." आता पळवाट उरली नव्हती. आणि मग मला ते सुचलं, म्हणजे सुचू नये ते सुचलं. शालू सारखे. अंगलोट सारखी. नवरे सख्खे भाऊ, लांबून सारखेच. अण्णांना हातभरावरचंही आता ढगाळ दिसत होतं. थोरलीचेच, पण तिचे म्हणून दाखवायचे नाहीत असे काही फोटो मी बाजूला काढले, जिथं तोंड जरा तिरकं आहे, जिथं मुंडावळ्या आड आल्यात. त्यांच्यासाठी लॅपटॉपवर एक फोल्डर केलं आणि त्याला धाकटीचं नाव दिलं. ते पहिल्या फटक्यात झालं. भाषेची काही तक्रार नव्हती.

दोघी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढे बसलो. अण्णांची खुर्ची मी अगदी पडद्याला भिडवली. आई त्यांच्या पायाशी, दोघी बहिणी मागे पलंगावर. आधी थोरलीचे लावले. अण्णा मान पुढे करून बघत होते, हुंकार देत होते. मग मी दुसरं फोल्डर उघडलं आणि म्हणालो, "ही आता धाकटी."

मागे पलंग करकरला. मी वळून पाहिलं नाही, पण धाकटीनं आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघितल्याचं मला पाठीला कळलं. तिला मी काही सांगितलंच नव्हतं. एवढं सगळं रचलं आणि जिचे फोटो गेले तिलाच सांगायचं राहिलं.  मग ती म्हणाली, "हां अण्णा, मीच हाय ती. कशी दिसतेय?"  थोरली मान खाली घालून बांगड्या फिरवत बसली. आईनं पदर तोंडाला लावला. म्हणजे आईलाही कळलं. घरातली सगळी माणसं एकदम गप्प बसली आणि मी पुढचा फोटो लावला.

तो घास भरवतानाचा होता. मी तो कितीदा तरी बघितला होता, आणि मला त्यात फक्त तोंड दिसतं की नाही एवढंच दिसलं होतं.

अण्णा बराच वेळ पडद्याला नाक लावून होते. मग सावकाश मागे टेकले.

"थोरली हाय ही," ते म्हणाले. "डाव्या हातानं घास दिलाय."

 मी लॅपटॉप मिटला.

"धाकटीचे न्हाईत का?"

"नाहीत, अण्णा. गेले." आणि मग मी सगळं सांगितलं, दोन कार्डं, एक फोल्डर, गप्प बसायला शिकवलेला प्रोग्राम. त्यांना कळेल असं सांगायचा प्रयत्न केला. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलंही नाही.

त्यांनी सगळं ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "तुला कवा कळलं?"

"दोन दिवसांनी. लग्नानंतर."

"म्हंजी मांडवपरतणीच्या आदी."

"हो."

"मग तवाच सांगायचं व्हतं बाबा." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी पाय धरले असते. "ही हितंच पुढ्यात बसलती. शालू नेसून, हळदीच्या हातानं चहा दिला मला. बघा म्हणत व्हती. तवा मला चांगलं दिसत व्हतं रं. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे, फोटोत बघू."

  धाकटी पलंगावरून उतरली आणि त्यांच्या गुडघ्यांपुढे येऊन बसली. आता अंगावर साधी सुती साडी होती, हातांवरची हळद केव्हाच उतरली होती. अण्णांनी दोन्ही तळहातांत तिचं तोंड धरलं आणि आपल्या तोंडाजवळ आणलं, इतकं जवळ की तिचा श्वास त्यांच्या गालावर येत असणार. त्यांची मान हळूहळू इकडे तिकडे फिरत होती.

"जरा खिडकी उघड रं," ते मला म्हणाले.

मी उठलो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर उघडीप होती, लख्ख ऊन पडलं होतं, आणि खिडकी सकाळपासून उघडीच होती.